छातीत कळ आल्यावर घरातली पेनकिलर? अजिबात नको

परवा कोथरूडच्या माझ्या औषधाच्या दुकानात ओळखीच्या काकू आल्या आणि मोबाईल पुढे धरून म्हणाल्या, "दादा, हे वाचा आणि गोळी द्या." सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज होता: साधी पेनकिलर हार्ट अटॅकमध्ये हृदय वाचवते, शास्त्रज्ञ चाचणी घेत आहेत, छातीत कळ आली की घरातली कुठलीही घ्या, अँजिओप्लास्टीची धावपळ टळेल.

"शास्त्रज्ञ चाचणी घेत आहेत." चाचणी घेतात ती गुण येतो का हे बघायला. बंद रक्तवाहिनी उघडली की परत आलेलं रक्तही हृदयाच्या स्नायूला इजा करतं. ती इजा रोखणारं औषध कित्येक वर्षं शोधतायत. सायक्लोस्पोरिनने छोट्या चाचणीत आशा दाखवली होती, २०१५च्या मोठ्या चाचणीत ते फोल ठरलं.

"धावपळ टळेल." असं औषध तपासतात ते वाहिनी उघडण्याच्या जोडीला. वाहिनी अडवणारी रक्ताची गुठळी तशीच राहिली तर कळ थांबली तरी स्नायू मरतच राहतो.

"घरातली कुठलीही." हे वाचून मला खरंच राग आला. अ‍ॅस्पिरिनची गोष्ट वेगळी. १९८८च्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. ते काम दुखणं थांबवून झालं नाही, गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटू न दिल्याने झालं. डायक्लोफेनॅक ही पेनकिलर मात्र हृदयविकाराच्या रुग्णांना देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच सांगितलंय. आणि आयबुप्रोफेन? प्लेटलेटमध्ये अ‍ॅस्पिरिन जिथे चिकटते, ती जागा ते आधी अडवून बसतं. ते उठेपर्यंत अ‍ॅस्पिरिन रक्तातून निघून गेलेली असते.

अ‍ॅस्पिरिनसुद्धा मनाने घ्यायची नाही. अल्सर, रक्तस्राव, अ‍ॅलर्जी असेल तर ती घातक ठरते. आधी १०८ला फोन, मग ते सांगतील तसं.

काकूंना घरचा औषधाचा डबा आणायला लावला. काकांना स्टेंट आहे. त्यांच्या रोजच्या अ‍ॅस्पिरिनला खेटूनच कंबरदुखीची आयबुप्रोफेनची पट्टी होती, दोन गोळ्या संपलेल्या. ती वेगळी काढली, काकांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं आणि डब्याच्या झाकणावर मार्करने ठळक १०८ लिहून दिलं.