चकवा लागतो, तो कोणी देत नाही

पन्हाळगड ते पावनखिंड या पावसाळी पदभ्रमंतीच्या गप्पांत अलीकडे ‘चकवा’ (वाट चुकून फिरून पुन्हा त्याच जागी येणे) या शब्दाला भुताचा मुखवटा चढवलेला दिसतो, आणि मला ते पटत नाही. चकवा हे एक भूतच आहे असे मानणारी माणसे आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु आमच्या घरात आजोबा याच वाटेवरच्या पठाराबद्दल ‘मसाई पठारावर चकवा लागला’ असे म्हणत, तेव्हा तहान लागावी, झोप लागावी, तसा तो लागत असे. भूतही लागतेच म्हणा. पण ते उतरवायला मांत्रिक शोधतात. चकव्यावर आजोबांचा उतारा एवढाच होता की, चालणे थांबवून आहे त्या जागी बसावे.

मसाई पठार म्हणजे जांभ्याचा विस्तीर्ण सपाट माथा. जुलैत धुके उतरले की दहा पावलांपुढचे दिसत नाही, सूर्याचा पत्ता नसतो आणि सगळ्या ढोरवाटा सारख्याच भासतात. जर्मनीतील संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते. सूर्य ढगाआड असताना जंगलातली माणसे गोल फिरून आपलीच वाट ओलांडत राहिली, आणि तरीही आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळे वीस मीटरहूनही लहान भरली. आजोबांचा ‘चकवा’ नेमका हाच अनुभव सांगतो, आणि तोही एका शब्दात.

शहरात मात्र या शब्दाचे क्रियापदच बदलले. चोर पोलिसांना चकवा ‘देतो’, कोल्हापूरच्या शाहू मैदानावर एखादा फुटबॉल खेळाडू बचावफळीला चकवा ‘देतो’. या वापराला माझा आक्षेप नाही. मात्र ‘देणे’ आले की देणारा आला, आणि पठारावरही मग तसाच कोणीतरी देणारा शोधला जातो. भुताची सोय तिथे होते, असा माझा तर्क आहे.

काही वर्षांपूर्वी याच पठारावर, मसाईचे देऊळ समोरच असणार अशा खात्रीने चालत असताना, चिखलात मला माझ्याच बुटांचे ठसे दिसले. मी मुकाट्याने खाली बसलो. बऱ्याच वेळाने धुके उठले, तेव्हा देऊळ माझ्या पाठीमागे होते.