मावशींचं मंगळसूत्र आणि 'फुकटचा वकील'

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "चोरांना फुकटचा वकील, तोही आपल्या टॅक्समधून. कसाबलासुद्धा दिला होता!" खाली 11 अंगठे. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आमच्या इस्त्रीवाल्या मावशींच्या 19 वर्षांच्या पोराला गेल्या वर्षी मोबाइलचोरीत धरलं. मावशींनी मंगळसूत्र गहाण टाकलं आणि 25 हजार देऊन वकील केला. दोन तारखांना साहेब आले. तिसरीपासून फोन उचलेनात.

हो, कसाबलाही वकील दिला. आणि 2012 मध्ये त्याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयानं त्याच निकालात बजावलं, की आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावरच मॅजिस्ट्रेटनं त्याला सांगायचं: तुला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं मिळेल. तो निकाल वाचा, मग अंगठे द्या!

मावशींच्या पोरालाही विचारलं होतं. तो नको म्हणाला. त्याला वाटलं, सरकारी वकील देतायत, आणि सरकारी वकील तर पोलिसांच्या बाजूनं उभा राहतो. काय चुकलं त्याचं? सरकारी वकील वेगळा, आणि विधी सेवेचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या यंत्रणेचा, आरोपीच्या बाजूनं लढणारा वकील वेगळा, हा फरक त्याला कोण समजावणार होतं?

1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, कलम 12. बाई असो, अनुसूचित जाती-जमातीचं कुणी असो, कोठडीतला माणूस असो, उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. मंगळसूत्राला हात लावायची गरजच नव्हती.

मान्य, विधी सेवेचे काही वकील कागद न वाचताच उभे राहतात. पण 25 हजारवाल्यानं तरी कुठे वाचले होते?

जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून पोरगा चार महिने आत होता. शेवटी जेलमध्ये विधी सेवेच्या एक तरुण वकीलबाई आल्या. "बाळा, मी तुझ्या बाजूची आहे," हे त्यांनी आधी सांगितलं. मग अर्ज करून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर सोडवलं. एक रुपया घेतला नाही.

लिहिता लिहिता राग उतरला. कारण मावशी पैसे मागायला माझ्याकडेही आल्या होत्या. मी दोन हजार दिले आणि म्हणाले, "चांगला वकील करा." शिकलेली मी, मलाही माहीत नव्हतं. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. 15100 हा फुकट नंबर आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्यांना लिहून द्या.

मंगळसूत्र अजून सराफाकडेच आहे. व्याज धरून ते सोडवायला 31 हजार लागतात.