दोनशे लिटर एकमत

सामूहिक शेतीतले सर्वांत कष्टाचे काम निंदण, डवरणी किंवा पऱ्हाटी उपटणे हे नसून गुरुवारची सभा हे आहे. वर्धा जिल्ह्यातील आमच्या सहा एकर वावरात चार कुटुंबे मिळून पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रचनेबरहुकूम टिकाऊ शेती, करतात, आणि कोणताही निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीनेच घ्यायचा, असे आमचे ठरले आहे. (हे मात्र बहुमताने ठरले.) आदर्श आहे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचा. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने चालते आणि २००९ साली त्या गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. आम्हाला त्याच मार्गाने एका प्लास्टिकच्या ड्रमची जागा ठरवायची होती.

ड्रम जीवामृताचा, म्हणजे मातीतले जिवाणू वाढवणाऱ्या आंबवलेल्या पातळ खताचा. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोहोचवलेली कृती सोपी आहे: एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती कालवावी, वर गोणपाट टाकून ४८ तास सावलीत ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे. दुसऱ्या दिवशी गोणपाट उचलले की वर तपकिरी फेस चढलेला दिसतो, मधूनच एखादा बुडबुडा आळसावून फुटतो, आणि तो फुटला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला चालू विषयावर काही बोलावेसे वाटत नाही.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या ऑस्ट्रेलियन जोडीने १९७८ साली मांडलेल्या पर्माकल्चरचा दंडक असा, की जिथे माणसाला वारंवार जावे लागते ती गोष्ट घराजवळ असावी. ड्रमकडे दिवसातून दोनदा जावे लागते, म्हणून शास्त्राप्रमाणे तो जेवणाच्या ओट्यालगत हवा, आणि नाकाप्रमाणे शेजारच्या तालुक्यात. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा ड्रम ईशान्येला ठेवावा, असा मी ठराव मांडला. त्यावर एका भाऊंनी ईशान्य कोपरा देवाचा असल्याचे निदर्शनास आणले, आणि वास्तुशास्त्र न मानणाऱ्या दुसऱ्या भाऊंनी हिवाळ्यात वारा नेमका तिथूनच येतो, हे दाखवून त्यांना अनपेक्षित पाठिंबा दिला.

वहिनींची तक्रार वासाबद्दल नव्हतीच, ती बेसनाबद्दल होती. सहा एकरांना एका खेपेला बारा किलो बेसन लागते आणि ते स्वयंपाकघरातल्याच डब्यातून जाते. पृथ्वीची काळजी, माणसांची काळजी आणि न्याय्य वाटप ही आमची तीन तत्त्वे ओट्यावरच्या भिंतीवर गेरूने लिहिलेली आहेत. त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर पळी ठेवून वहिनींनी विचारले, की जिवाणूंना बारा किलो आणि माणसांना झुणका पंधरवड्यातून एकदा, हे कोणत्या ओळीत बसते? सभेत बराच वेळ शांतता पसरली. एरवी ओळींच्या मध्ये कुटार अंथरावे की पऱ्हाटीचा चुरा, यावर तासभर बोलणारी मंडळीही त्या वेळी गेरूची अक्षरे नव्याने वाचू लागली.

अशा सभांना शेजारच्या वावराचे काकाजी हौसेने येतात. आम्ही जमीन उघडी ठेवत नाही आणि तण उपटून तिथेच अंथरतो, याचा अर्थ आम्हाला निंदणाचा कंटाळा आहे, असे त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. रात्रीचे दहा वाजले तेव्हा ते म्हणाले, “काऊन भाऊ, येवढे शिकलेले लोकं एका डरमासाठी जागून रायले? बंडीवर ठेवा ना. वारा फिरला का बंडी फिरवा.”

इतकी चांगली सूचना सभेत पूर्वी कधी आली नव्हती, त्यामुळे तिच्यावर चर्चा होणे अपरिहार्य होते. बंडी ओढायला काकाजींनी आपली बैलजोडीही देऊ केली. तेव्हा आमच्यातल्या सर्वोदयी सदस्यांनी आठवण करून दिली, की इथून जवळच पवनारला विनोबांनी ऋषिशेतीचा प्रयोग बैलांवाचून केला होता, म्हणून प्राण्याला जुंपण्यास त्यांची सहमती नाही. मलाही एक शंका होती. काकाजींचे बैल गवळाऊ जातीचे, आणि आमच्या भागातला हा गोवंश धावण्यासाठी नावाजलेला. मागे दोनशे लिटर उघडे जीवामृत असताना ते धावले, तर ते कोणत्या एकराला मिळाले म्हणायचे?

काकाजींनी चपला पायात सरकवल्या आणि उठता उठता म्हणाले, “मंग तुम्हीच जुपून घ्या ना बाप्पा, एकमतानं!”

सभेच्या वहीत ही सूचना विचाराधीन म्हणून नोंदवली आहे.