परदेशातून : फ्लेन्सबुर्गची वही आणि दारव्ह्याचा रस्ता

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका बातमीवरून वाद झाला. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याच्या लायसन्सवर दोषांक नोंदवायचे आणि ते ठरावीक संख्येवर गेले की लायसन्स निलंबित करायचे, अशी पद्धत आणण्याचा विचार केंद्र सरकार करीत असल्याची ती बातमी होती. माझ्या मोठ्या काकांचे चिरंजीव, ज्यांना आम्ही सारे भाऊ म्हणतो आणि ज्यांच्या घराचे वर्षभराचे गणित एका ट्रॅक्टरवर चालते, त्यांनी लगेच लिहिले, "आधी रस्त्यावरच्या गड्ड्यायले पॉइंट द्या, मंग आमच्या लायसनले." मी पद्धतीच्या बाजूने चार ओळी लिहिल्या, तेव्हा त्यांचे उत्तर आले, "बापू, तुह्या जर्मनीतले कायदे तुह्याजवळच ठेव. खेड्यातल्या माणसाले मारू नको." हे दुसरे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

भाऊंचा समज असा आहे की पॉइंट म्हणजे आणखी एक दंड, आणि दंड म्हणजे गरिबाच्या खिशात घातलेला हात. मला नेमके याच्या उलट दिसते. आपल्याकडे ज्याच्याजवळ पैसा आहे तो पावती फाडून मोकळा होतो आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच करतो. ज्याच्याजवळ नाही तो ई-चालान साचू देतो आणि लोकअदालतीत कमी रकमेत मिटण्याची वाट पाहतो. दोघांच्याही हातून काय घडले, याची आठवण कोणी ठेवत नाही. इथे जर्मनीत, हॅनोव्हरमध्ये, हातात मोबाइल धरून गाडी चालवताना सापडलो, तर शंभर युरो मी देईन आणि माझ्या कंपनीचा मालकही देईल. त्याला ते जाणवणारदेखील नाहीत. मात्र त्यासोबतचा एक पॉइंट दोघांच्याही नावावर फ्लेन्सबुर्ग शहरात ठेवलेल्या वाहनचालकांच्या सरकारी नोंदवहीत सारखाच चढतो, आणि तो विकत घेऊन पुसता येत नाही. तांबडा दिवा लागून एक सेकंद उलटल्यावर चौक ओलांडला तर दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी बंद. तांबडा दिवा तोडणाऱ्या सायकलवाल्यालाही एक पॉइंट मिळतो. चार किंवा पाच पॉइंट झाले की लेखी समज येते, सहा किंवा सातला ताकीद येते आणि आठाला लायसन्स जाते. मग किमान सहा महिने नवे मिळत नाही.

भाऊंनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट मला याच्याही पुढची वाटते, ती म्हणजे ही वही विसरतेसुद्धा. एका पॉइंटचा गुन्हा अडीच वर्षांनी पुसला जातो, दोनाचा पाच वर्षांनी, आणि ज्यात लायसन्सच काढून घेतले जाते असा तीन पॉइंटांचा दहा वर्षांनी. पॉइंट पाचापर्यंत असतील तर स्वखुशीने एक प्रशिक्षण पूर्ण करून पाच वर्षांतून एकदा एक पॉइंट कमीही करता येतो.

आता आपल्या कायद्याकडे पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हेल्मेटशिवाय दुचाकी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्सची अपात्रता अशी तरतूद आहे. म्हणजे पहिल्याच चुकीला, तीही मुख्यतः स्वतःच्याच डोक्याची, कोणतीही समज न देता तीन महिने. जर्मनीत त्याच चुकीला पंधरा युरो आहेत आणि पॉइंट एकही नाही. ज्या कायद्याला मधल्या पायऱ्याच नाहीत, तो अंमलात आणताना पोलिसाचाही हात थबकतो, आणि थबकलेल्या हाताचे पुढे काय होते हे आपण सारे जाणतो. खेड्यातल्या माणसाला मारणारा कायदा आजच अस्तित्वात आहे. पायऱ्यापायऱ्यांनी चालणारी पद्धत त्याच्यापेक्षा मवाळ ठरेल.

"तिकडचे लोकच शिस्तीचे" हा गटावरचा दुसरा मुद्दा होता. हे लोक जन्मतः शिस्तीचे नव्हते. १९७० साली एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर एकोणीस हजारांहून अधिक माणसे मेली होती. त्यानंतरच्या काही वर्षांत गावाबाहेरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा आली, दारूची मर्यादा आली, १९७४ मध्ये पॉइंटांची मोजणी सुरू झाली आणि पुढे सीटबेल्टची सक्ती झाली. २०२२ मध्ये संपूर्ण जर्मनीतले मृत्यू सुमारे २,८०० होते, तर भारतातले १,६८,४९१. आपली लोकसंख्या त्यांच्या सुमारे सतरापट आहे आणि मृत्यू साठपट, तेही दर माणशी गाड्या त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी असताना.

माझ्यासाठी त्या आकड्यांना एक चेहरा आहे. माझा शाळेतला मित्र दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर रात्री दुचाकीसह कापसाच्या उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि रिफ्लेक्टरही नव्हता. मी तेव्हा इकडे थेअरीच्या परीक्षेची तयारी करीत होतो, कारण आपले लायसन्स इथे सहा महिनेच चालते. त्याच्या मातीला मी पोहोचलो नाही. ती ट्रॉली पुढच्या हंगामात त्याच रस्त्यावर पुन्हा कापूस वाहत होती, असे मला नंतर कळले.

भाऊंच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. ई-चालान गाडीच्या मालकाच्या नावावर निघते, आणि आमच्या गावातल्या कित्येक दुचाकी आजही पहिल्या मालकाच्याच नावावर आहेत, तेव्हा पॉइंट कोणाच्या माथी बसेल हा प्रश्न खराच आहे. इथे ब्लिट्झरच्या, म्हणजे रस्त्यावरच्या वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फोटोत चालवणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो आणि पॉइंट चेहऱ्याला मिळतो. तालुक्याच्या शिबिरात एजंटामार्फत मिळालेल्या लायसन्सची, किंवा मुळात नसलेल्या लायसन्सची, जप्तीची भीती कोणाला वाटणार? शिवाय माझे लायसन्स गेले तर मी ट्रामने कामावर जाईन. भाऊंचे गेले तर सोयाबीन शेतातच राहील, कारण संध्याकाळची एसटी गेल्यावर गावाला काळीपिवळीशिवाय आधार नाही. हे सारे आधी दुरुस्त करायला हवे. पण खड्डे बुजेपर्यंत कोणाची चूक मोजायचीच नाही, हे मला मान्य नाही. खड्डा न बुजवणाऱ्या कंत्राटदाराचीही मोजा.

ही कल्पना परकी आहे, हे तर मला मुळीच पटत नाही. लहानपणी आमच्या गावात कोंडवाडा होता. ज्याचे जनावर दुसऱ्याच्या गव्हात शिरले, त्याला पैसे भरून ते सोडवून आणावे लागे. पैसे थोडे असत, पण कोणाचे जनावर कितीदा कोंडले गेले हे पारावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ असे, आणि ज्याचे वारंवार जाई त्याला पुढच्या वर्षी कोणी बटईने वावर देत नसे. ती मोजणीच होती. आजोबांच्या बैलाची एक आगळीक मी जन्मायच्या आधीची होती, आणि तरी मी ती चार जणांच्या तोंडून ऐकली आहे.

आता मला भाऊंजवळ एक गोष्ट कबूल करायची आहे. माझ्याही नावावर एक पॉइंट आहे. शाळेजवळच्या तीसच्या पट्ट्यात मी त्रेपन्नने गेलो. तीन किलोमीटरची सूट वजा केल्यानंतरचा हा वेग, सोबत माझा फोटो आणि ११५ युरोंची मागणी असे पत्र घरी आले. मला राग आला नाही. या देशात अकरा वर्षे राहूनही माझे काय चालले आहे याची दखल शेजाऱ्यांनी फारशी घेतलेली नाही, आणि इथे कोणीतरी माझी चूक माझ्या नावाने लिहून ठेवली होती. गावात माझ्या नावावर आता काय लिहिलेले आहे, हे मला ठाऊक नाही. मागच्या दिवाळीत आलो तेव्हा चुकांचा हिशेब माझ्यापासून सुरू झाला असता, कारण यवतमाळहून गावापर्यंत मी हेल्मेटशिवाय, दोघांच्या मागे तिसरा बसून आलो होतो.

आणि अंगणात उभी असलेली तुमची ट्रॉली मी पाहिली होती, भाऊ. मागच्या फाळक्यावर दिवा नव्हता, पट्टीही नव्हती. तुमच्या हातचा चहा घेत मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो आणि काही बोललो नाही. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने घरच्या माणसाला काय सांगावे, असे मला वाटले. त्या रात्री मला मित्राची आई आठवली, तरीही सकाळी मी बोललो नाही. फ्लेन्सबुर्गच्या वहीत याची नोंद नाही.

दसऱ्यानंतर वेचणी सुरू होईल आणि तुमच्या फेऱ्या रात्रीच्या असतील. रिफ्लेक्टरच्या, चिकटवायच्या लाल पट्ट्या दारव्ह्याला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतात. दोन मागे लावून घ्या. मळलेल्या लोखंडावर त्या धरत नाहीत, म्हणून आधी फाळका धुऊन घ्या. मग आपण पॉइंटांवर हवे तितके भांडू.