दोन मेगापिक्सेलच का?

मंगळाचा फोटो कुणी शेअर केला की खाली एक कमेंट ठरलेली: "एवढे पैसे ओतून कॅमेरा असला? माझा मोबाइल यापेक्षा भारी फोटो काढतो." चांद्रयान-३ च्या वेळीही हेच वाचलं. मला याचा खरोखर राग येतो. वर्षानुवर्षं खपलेल्या इंजिनिअर लोकांची अक्कल काढणं आहे हे.

नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर घ्या. ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरला, मुख्य कॅमेरे २ मेगापिक्सेलचे. ते कसे असणार हे २००४ मध्येच ठरलं होतं. एकदा ठरलं की तो कॅमेरा गोठवायचा, हादरवायचा, किरणोत्सारात तपासायचा. मध्येच नवा सेन्सर घातला तर चाचण्या पहिल्यापासून. आणि मंगळाकडे निघायची संधी येते साधारण २६ महिन्यांनी. याच मोहिमेची २००९ ची वेळ हुकली, तर उड्डाण थेट नोव्हेंबर २०११ मध्ये झालं.

शिवाय फोटो पाठवायचा कसा? मंगळाभोवती फिरणारं यान रोव्हरच्या डोक्यावरून जातं तेव्हा हाती आठेक मिनिटं असतात. तेवढ्यात त्या यानाकडे १०० ते २५० मेगाबिट माहिती जाते, म्हणजे फार तर ३० एमबी. त्यातच बाकीच्या उपकरणांची मोजमापं. मोठं चित्र हवं असेल तर तुकडे जोडतात. ऑक्टोबर २०१२ चा रोव्हरचा सेल्फी ५५ फोटो जोडून झालाय. झूम करून बघा, समोरच्या मातीत त्यानं खोऱ्यानं उकरलेले चार खड्डे स्पष्ट दिसतात!

प्रोसेसरचंही तेच. क्युरिऑसिटीतला रॅड७५० हा १९९०च्या दशकातल्या, ॲपलच्या पहिल्या आयमॅकमधल्या चिपचा किरणोत्सार सोसणारा भाऊ, वेग जेमतेम २०० मेगाहर्ट्झ. पण अवकाशातला एखादा वेगवान कण चिपमधून गेला तर तिच्यात साठवलेल्या शून्याचा एक होतो, म्हणजे माहितीच बिघडते, आणि ट्रान्झिस्टर जितका बारीक तितकं हे सोपं. फेब्रुवारी २०१३ मध्ये एवढं सगळं करूनही क्युरिऑसिटीच्या मेमरीत बिघाड झाला. सोबतचा दुसरा संगणक होता म्हणून मोहीम वाचली. तिथे दुरुस्तीला कोण जाणार?

कुणी म्हणेल, मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये तर मोबाइलचीच स्नॅपड्रॅगन ८०१ चिप होती. होती, आणि पाचच उड्डाणं ठरलेली असताना ते ७२ वेळा उडालं, याचा मला अपार आनंद आहे. पण तो प्रयोग होता. पडलं असतं तरी त्याला सोबत नेणाऱ्या पर्सिव्हरन्स रोव्हरचं काम चालूच राहिलं असतं. त्या रोव्हरला मात्र २०२० मध्येही रॅड७५०च दिला, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं.