आधी घडी बघ, मग पोचा

धाकट्याची गाडी कट्ट्यासमोरच उभी होती. दारावर तळहाताएवढा पोचा, आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याला बोटभर लांब खोक, रंग उडालेली. दोन्ही कामं घरीच आणि कमी खर्चात करायची, असं त्याने ठरवलं होतं.

"हेअर ड्रायरने दार तापवलं, लगेच बर्फ फिरवला. ढिम्म हललं नाही. व्हिडिओत तर टक्कन बाहेर येतो!"

मास्तर भौतिकशास्त्र शिकवतात, त्यांना राहवेना. "एक मीटर पोलाद १०० अंशांनी तापलं तर वाढतं साधारण १.२ मिलिमीटर. तुझा पोचा १० सेंटिमीटरचा, म्हणजे वाढ ०.१२ मिलिमीटर. तेवढ्याने वाकलेला पत्रा सरळ होईल?"

"मग त्यांचा कसा निघतो?"

"तो नुसता दबलेला असतो," अण्णा म्हणाले. त्यांचं निम्मं आयुष्य पत्र्याच्या कामात गेलंय. "भोवतीचा पत्रा त्याला बाहेर ढकलतच असतो. पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबलं की आत जातं आणि टक्कन परत येतं ना, तसंच. घडी पडली की ते संपलं."

ताईला हे पटलं नाही. तिने बंपरवर उकळतं पाणी ओतून आतून हाताने ढकललं होतं आणि पोचा पूर्ण निघाला होता. पण बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक उकळत्या पाण्याने मऊ पडतं, पोलादाला त्याचं काहीच वाटत नाही. तरी बंपरच्या आत पार्किंगचे सेन्सर आणि वायरी असतात, त्या बघूनच पाणी ओतावं, हे तिनेच सांगितलं.

घडीचं कारण अण्णांनी फार छान समजावलं. एखादी तार वाकवा आणि पुन्हा सरळ करायला जा. मूळ बाक तसाच राहतो आणि तार त्याच्या शेजारी वाकते, कारण वाकलेली जागा कडक झालेली असते. दाराचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. घडीवर तो ताणलेलाही असतो आणि कडकही. म्हणून पोचा केवढा आहे हे आधी बघायचंच नाही. तळहाताएवढा पण गुळगुळीत पोचा घरी निघतो. नखाएवढा असून धारदार असेल, तर नाही निघत.

"मग आतून हातोडीने ठोकतो," धाकटा म्हणाला. इथे मात्र मी मध्ये पडलो. मागच्या गाडीच्या बॉनेटवर मी हेच केलं होतं. बाहेरून आधार न देता ठोकलं तर प्रत्येक घाव पत्रा आणखी ताणतो. एका खड्ड्याच्या जागी कितीतरी टेंगळं आली, आणि ती आत बसवणं मूळ पोच्यापेक्षा अवघड होतं. शिवाय दाराच्या आत वायरी असतात, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही असतो.

अण्णांची पद्धत सावकाशीची. दार धुऊन कोरडं करायचं, हाताला सोसेल इतपत कोमट करायचं, गरम गोंदाने प्लास्टिकची चकती चिकटवायची आणि हळूच ओढायचं. जोर एकदम लावायचा नाही, पंचवीस वेळा थोडं थोडं ओढायचं. पोच्याभोवती उंचवट्याचं कडं तयार झालेलं असतं. ते प्लास्टिकच्या ठोकणीने बसवत गेलं नाही, तर मधला खड्डा वर यायला जागाच मिळत नाही. घरी करणारे बहुतेक इथेच चुकतात. गोंद सोडवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. दार आधी पुन्हा रंगवलेलं असेल तर चकतीबरोबर रंगाचा पापुद्राही निघू शकतो, तेव्हा तिथे ओढायचं धाडस नको.

खरं भांडण झालं ते खोकेवरून. धाकट्याला तिच्यात रात्रीच पुट्टी भरून टाकायची होती.

"गंजावर?" अण्णा चिडलेच. "पुट्टी ओल शोषते. आत गंज पसरत राहील आणि वर्षभरात वर फुगे येतील."

मास्तरांचं म्हणणं, नीट घासून, १०० भाग पुट्टीला साधारण २ भाग हार्डनर, म्हणजे ती कडक करणारं रसायन, घालून पातळ थर दिला तर का टिकणार नाही? टिकेल. पण मग प्रायमर, रंग, वरचा पारदर्शक थर. आणि त्याच्या गाडीचा रंग धातूसारखी झाक असलेला, मेटॅलिक, म्हणजे शेजारच्या रंगाशी मेळ बसणं कठीण. तिथे स्वस्त काम स्वस्त राहत नाही. ताई म्हणाली, दिसू दे की खोक, फक्त गंज थांबव. मी तिच्या बाजूने. पोचा वर्षभर तसाच राहिला तरी दार दारच राहतं, उघड्या पोलादाचं तसं नाही.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग डिकीतून पॉलिश पेपर काढून तो चाकाशी बसला. अण्णांनी वरून मोबाइलचा उजेड धरला. "अजून. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घास."