‘हायिल’ला मराठीत काय म्हणावे?

इब्री शास्त्रातील, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील, स्त्रियांचा विषय निघाला की नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील ‘सद्गुणी स्त्री’ हमखास पुढे केली जाते आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे खाली मान घालून राबणारी, उलट उत्तर न देणारी गृहिणी उभी राहते. मूळ शब्द मात्र ‘एशेत हायिल’ असा आहे. ‘हायिल’ म्हणजे बळ, पराक्रम, प्रसंगी सैन्यसुद्धा. शास्ते या पुस्तकात देवदूत गिदोनाला ‘गिबोर हायिल’ अशी हाक मारतो, तेव्हा त्याचा अर्थ आपण बिनदिक्कत ‘वीर’ असा लावतो. तोच शब्द बाईला लागला की त्याचा सद्गुण होतो. त्या 22 ओव्यांतील बाई तर शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते आणि तागाची वस्त्रे करून विकते. माझ्या मते तिला ‘कर्तबगार’ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

रूथच्या सासरकडचा नातलग बवाज हेच विशेषण रूथला देतो आणि तेही कधी, तर त्या परक्या मवाबी विधवेने रात्री खळ्यावर येऊन, त्याच्या पायांशी निजून, आपण होऊन लग्नाची मागणी घातल्यावर.

या कर्तबगारीचा मला सर्वांत आवडणारा नमुना अबीगईल हा आहे. तिचा नवरा नाबाल 3000 मेंढ्यांचा धनी, पण उर्मट. पुढे इस्राएलचा राजा झालेल्या दावीदाच्या माणसांना त्याने अपमान करून परत पाठवले आणि दावीद 400 माणसे घेऊन घरातील एकूण एक पुरुष कापायला निघाला. हे चाकराकडून कळताच अबीगईलने रडारड केली नाही. 200 भाकरी, द्राक्षारसाचे 2 बुधले, रांधून तयार केलेली 5 मेंढरे, हुरडा, मनुका आणि अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादून ती वाटेतच दावीदाला सामोरी गेली. तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला, नवऱ्याला मूर्ख म्हणायलाही कचरली नाही आणि उद्या राजा झाल्यावर हे रक्त तुमच्या मनाला टोचत राहील, हे दावीदाला अदबीने, पण स्पष्ट सांगितले. त्याची तलवार म्यान झाली. घरी परतल्यावर नवरा मेजवानीत झिंगलेला दिसला, तेव्हा ती चकार शब्द बोलली नाही. सकाळी त्याची उतरल्यावरच तिने सर्व सांगितले. एवढे तारतम्य त्या कथेतील एकाही पुरुषाकडे नाही.

या स्त्रिया देव्हाऱ्यात बसवण्यासारख्या आहेत, असे माझे म्हणणे नाही. रिबका आंधळ्या नवऱ्याला फसवण्यासाठी लाडक्या मुलाच्या हातांना करडांची कातडी गुंडाळते आणि सारा आपली दासी हागार हिचा छळ करते. शास्त्र यातले काहीही झाकून ठेवत नाही.

दावीदाच्या आधीचा राजा शौल याची उपपत्नी रिस्पा मात्र वाचकाचे बोलणेच बंद करते. शौलाने गिबोनी लोकांची कत्तल केली होती; त्या पापाची भरपाई म्हणून दावीदाने त्याच्या वंशातील सात जणांना गिबोनी लोकांच्या हाती दिले आणि त्यांनी त्या सातांना ठार केले. त्यांत हिचे दोन मुलगे होते. जवाच्या कापणीच्या आरंभापासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत ही खडकावर गोणपाट अंथरून त्या प्रेतांपाशी राहिली. दिवसा पाखरे आणि रात्री श्वापदे हाकत राहिली. ते ऐकल्यावर दावीदाने शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी याबेश-गिलादाहून आणवल्या, त्या सातांच्याही गोळा करवल्या आणि शौल व योनाथानाला शौलाचा बाप कीश याच्या कबरेत मूठमाती दिली. संपूर्ण प्रसंगात रिस्पाच्या तोंडी एकही वाक्य नाही.